चार तुकड्यांचा स्वेटर

सतरंजीवर चार तुकडे पडले आहेत: पाठ, पुढा आणि दोन बाह्या. दोन महिने संध्याकाळी विणलेलं हे काम सुयांवरून उतरलं, तेव्हा कडा आत वळलेल्या आणि जाळी चुरगळलेली होती. नवख्या माणसाला वाटेल, बिघडलं. कित्येकींचे स्वेटर इथपर्यंत येऊन पिशवीत पडून राहतात, कारण विणायचा उत्साह शिवायला उरत नाही. मला मात्र वाटतं, हातविणीच्या स्वेटरचं खरं शहाणपण त्या शिवणीतच आहे.

विणकामाची सारी भाषा दोन टाक्यांची. सुलट आणि उलट. एकाच टाक्याच्या या दोन बाजू: समोरून सुलट दिसतो तो मागून उलट. साधं वाटतं, पण मुद्दाम घातलेल्या उलट टाक्याचे सर्वांत जुने ठळक पुरावे इटलीतल्या फ्लॉरेन्सचे आहेत. तिथली डचेस एलेओनोरा 1562 मध्ये वारली. तिच्या दफनातल्या विणलेल्या रेशमी मोज्यांवर उलट टाक्यांची नक्षी आहे. दोन सरळ सुयांवर जाताना सुलट, परतताना उलट विणलं की गुळगुळीत सपाट पट्टी तयार होते. आपले चारही तुकडे या येण्याजाण्यातून झाले आहेत.

त्याआधी मात्र हिशेब. दहा नंबरच्या बारीक सुयांवर दोन सुलट, दोन उलट अशी रिब. मग आठ नंबरच्या सुयांवर अंग. टाके घालण्याआधी वीतभर तरी नमुना विणावा, धुवावा, वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. समजा, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके हवेत आणि हात सैल असल्यामुळे 20च बसले. फरक दोन टाक्यांचा. पण 100 सेंटिमीटर घेरासाठी घातलेले 220 टाके मग 110 सेंटिमीटर भरतात आणि स्वेटर खांद्यावरून ओघळतो. नमुन्यावर घालवलेली एक संध्याकाळ दोन महिने वाचवते.

जाळीचं तर सगळं गणितच आहे. लोकर पुढे घेऊन सुईवर वेढा दिला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. म्हणून त्याच ओळीत कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. एकत्र विणले की टाका उजवीकडे कलतो. डावीकडे कलायला हवा असेल, तर एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा आणि उचललेला त्याच्यावरून काढायचा. या कलण्यातूनच पान उमलतं, शंकरपाळी उभी राहते. मुंढ्यापाशी टाके घटू लागले की खरी परीक्षा. वेढ्याचा जोडीदार कापला गेला, तर तो वेढा घ्यायचाच नाही. तिथे साधा सुलट टाका विणायचा. कागदावर लिहिलेलं डोळे झाकून विणणारीची जाळी नेमकी इथे फसते.

जाळीच्या विणीत शेटलंड बेटांचं नाव मोठं. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला असलेल्या या बेटांवर, विशेषतः अन्स्ट बेटावर, इतक्या तलम शाली विणल्या गेल्या की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. पण शाल खांद्यावर नुसती टेकते. स्वेटरला दिवसभर स्वतःचं चारपाचशे ग्रॅम वजन पेलायचं असतं, कोपर वाकवायचं असतं, गळ्यातून डोकं काढायचं असतं. भोकांची वीण ताणली जाते, लोंबते. तिला धरून ठेवतात खांद्याची, मुंढ्याची आणि बगलेची शिवण.

याच्या विरुद्ध बाजूही भक्कम आहे. विणकर-लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकातून गोल सुईवर सलग, बिनशिवणीचा स्वेटर विणण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट टाके जवळजवळ टळतात, शिवायची कटकट नाही, अंगाला लावून पाहता येतो. जाड, घट्ट विणीच्या स्वेटरसाठी मीही तोच रस्ता धरते. जाळीच्या स्वेटरला मात्र शिवणच हवी.

तुकडे कोमट पाण्यात बुडवले, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले आणि मापावर ताणून टाचण्यांनी खिळवले. सकाळी जाळीचं पान न् पान उघडलेलं होतं. आता शिवण. दोन्ही सुलट बाजू वर ठेवून कडा शेजारी लावायच्या. काठाचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये आडवा धागा असतो. तो एकदा या कडेचा उचलायचा, एकदा त्या कडेचा. शिडीसारखे पाय दिसू लागतात. सातआठ झाले की धागा हलकेच ओढायचा. शिडी मिटते, काठाचे टाके आत जातात आणि वरून शिवण दिसतच नाही. म्हणूनच काठाला एक साधा टाका राखायचा, जाळी तिथवर न्यायची नाही. आणि दोन तुकडे टेपने न मोजता ओळी मोजून जुळवायचे.

आमच्या घरी लोकर जपून वापरली जायची. लहान झालेला स्वेटर आई टाकायची नाही. आधी शिवणीचा धागा शोधून कापायची, मग तुकडे वेगळे करून उसवायची. कुरळी लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, धुवून वाळत टाकायची, आणि पुढच्या थंडीत तीच लोकर धाकट्याच्या अंगावर असायची. बाहीचा काठ झिजला, तर फक्त बाही उतरायची; बाकी स्वेटरला धक्का नाही. शिवण उसवता येते, म्हणूनच असा स्वेटर दुरुस्त करता येतो, वाढवता येतो, पुढच्याला देता येतो.

बगलेची शेवटची शिवण मी आज रात्री घालणार आहे. धागा वेगळा, त्याच रंगाचा पण जरा मजबूत घेतला आहे. टोक आत लपवताना ते सापडेल असंच ठेवीन. कधीतरी कुणाला तरी ते शोधावं लागेल.