तपासणीला एकटे जाऊ नका

खालापूर तालुक्यात खोपोलीकडे कारखाने आहेत. कर्जत तालुक्यात वीटभट्ट्या आहेत. कामावर कुणाचा हात यंत्रात सापडतो, कुणाचा पाय मोडतो. अशा वेळी मजुराला भरपाई मागण्याचा हक्क आहे. त्याचा कायदा १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. हक्क कायम आहे.

अपघाताची खबर मालकाला दिली, म्हणजे मालक डॉक्टरांकडून मजुराची तपासणी करवू शकतो. तिचे पैसे मजुराने द्यायचे नसतात. ही तपासणी टाळू नये. टाळली तर भरपाई अडून राहते.

आता आपली एक रीत पाहा. “कसं काय?” असे कुणी विचारले, की आपण म्हणतो, “बरं हाय.” डॉक्टरांपुढेही तोंडातून तेच निघते. घरी मात्र रात्रभर कळ येते, भरला हंडा उचलवत नाही. डॉक्टरांना हे कसे कळणार? ते “बरे आहे” असेच लिहितील. त्या लिहिण्यावर भरपाई कमीजास्त होते.

म्हणून घरचे किंवा शेजारचे भरवशाचे माणूस सोबत न्या. मालकाचा मुकादम ही आपली सोबत नव्हे.

सोबत्याने काय करावे? दवाखान्याचे जुने कागद, एक्स-रे जपून न्यावेत. डॉक्टर हिंदीत बोलले आणि मजुराला समजले नाही, तर समजावून सांगावे. मजूर काही विसरला, तर आठवण द्यावी. पण उत्तर मजुरानेच द्यावे. आहे ते दुखणे लपवू नये, नाही ते सांगू नये. तारीख, वेळ आणि डॉक्टर काय म्हणाले, ते घरी येताच लिहून ठेवावे.

बायांसाठी तर १९२४ सालच्या नियमांतच सोबत सांगितली होती. बाईची संमती नसेल, तर दुसरी बाई हजर असल्याशिवाय पुरुष डॉक्टरने तिला तपासायचे नाही, असा तो नियम होता. तेव्हा सोबत मागण्यात लाज कसली? पुरुषानेही विचारावे, “डॉक्टरसाहेब, माझं माणूस आत येऊ द्या.” डॉक्टर नको म्हणाले, तर सोबत्याने दाराबाहेर बसावे. भांडू नये.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. लिहिलेला कागद आधी वाचा. तुम्ही आता वाचायला शिकलात. वाडीत कुणाला इजा झाली, तर त्याची सोबत तुम्हीच करा.