आधी स्वतःचा खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर या वऱ्हाडातल्या तरुण शेतकऱ्यानं घर सोडलं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्याची भ्रमंती थांबली. तोवर अवघा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणत होता. हाती हुद्दा नाही, मागे मठ नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तरीही या माणसानं हजारो हात कामाला लावले कसे?

सुरुवात घर सोडण्याच्या आधीची आहे. वडील दारूपायी गेलेले. लेकीच्या बारशाला जातभाईंनी रिवाजाप्रमाणे मटण-दारूची वाट पाहिली, तर डेबूजींनी गोडाधोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद रागावले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून दारू, कर्ज आणि देवापुढच्या बळीवर ते तुटून पडले, ते स्वतःच्या पंगतीत हा रोष पत्करल्यानंतर.

मग ऋणमोचन गावचा पूर्णा नदीचा काठ. यात्रेत बायाबापड्या पाण्याचं भांडं घेऊन निसरड्या दरडीवरून घसरायच्या. बाबांनी कुणाकडे अर्ज केला नाही. कुदळ घेऊन एकट्यानं उतार खणायला घेतला. पाहणारे थोडा वेळ पाहत राहिले, मग हळूहळू हात लावू लागले. पुढे तिथे पक्का घाट झाला.

हीच रीत गावोगाव चालली. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. वेशीत शिरले की झाडायला सुरुवात, गटार तुंबलेलं असेल तर आधी तिथे. आधी पोरं गोळा व्हायची, मग कुणीतरी घरून टोपलं आणायचा, मग मोठ्यांनाही ओट्यावर बसून राहणं जड जायचं. भाकरी मागायची ती काम केल्यावरच. रात्री झाडलेल्या जागेवर कीर्तन. ते वऱ्हाडीत साधे सवाल करायचे आणि लोक उत्तरं द्यायचे. त्या वाणीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. माझ्या मते निम्मी ताकद सकाळच्या गटाराची होती: चिखलात उतरलेला माणूस विचारतोय म्हटल्यावर उत्तर टाळणं अवघड.

मला खराट्याहूनही मोठी वाटते ती पैशाची शिस्त. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी सोय झाली. देणग्यांचा ओघ होता, पण बाबांचं गाडगं आणि चिंध्या तशाच राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपण उभारलेलं असं मोकळ्या हातानं देऊन टाकणारा माणूस पाहिला की कार्यकर्त्यालाही हिशेबात हात मारायला धीर होत नाही. या निःसंगपणाची किंमत त्यांच्या कुटुंबानं मोजली. १९२३ मध्ये तरुण मुलगा गेला, तरी बाबांचं कीर्तन थांबलं नाही. हे काठिण्य मला आजही बोचतं. त्यांच्या शब्दाला वजन आलं त्यात घरच्यांच्या सोसण्याचाही वाटा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो.

आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २०००-०१ मध्ये, बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बक्षिसांची चुरस लागली, श्रमदानाला माणसं लोटली. ज्या गावात सरपंच आणि मास्तर पहाटे स्वतः खराटा घेऊन रस्त्यावर उतरत राहिले, त्या गावाला ती सवय लागली. जिथे नुसती दवंडी पिटली गेली, तिथे तपासणी समितीची जीप वळताच उकिरडे जागेवर आले.