एका बदकामागे चौदाशे छर्रे

एक बदक पाडायला किती छर्रे लागतात? अंगात घुसणारे म्हणाल तर चार-पाच पुरतात. बंदुकीतून सुटणारे मोजले, तर आकडा १,४०० च्या आसपास जातो. हा हिशेब फ्रँक बेलरोज यांचा. अमेरिकेतल्या इलिनॉय नॅचरल हिस्ट्री सर्व्हे या संस्थेत त्यांनी अख्खी हयात बदकांमागे घालवली आणि १९५९ मध्ये शिशाच्या विषबाधेवर एक प्रबंध छापला. त्यातला हिशेब सरळ आहे. हाती लागलेल्या प्रत्येक बदकामागे शिकारी पाच-सहा काडतुसं उडवतो आणि एकेका काडतुसात दोन-अडीचशे छर्रे असतात. चार-पाच बदकाच्या अंगात जातात, उरलेले सगळे तळ्यात.

आपल्याकडचं एक उदाहरण याच फूटपट्टीने मोजून पाहण्याचा मोह होतो. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तिथे तो आकडा दगडावर कोरून ठेवला आहे. इलिनॉयचं गणित लावलं तर एका दिवसाचे ६० लाख छर्रे होतात. लाटसाहेबांच्या सोबतचे नेमबाज अमेरिकन शिकाऱ्यांपेक्षा दुप्पट सरस होते असं मानलं, तरी ३० लाख.

पण भरतपूरची ती शिकार एका दिवसाची. अमेरिकेत हे दर हंगामात, देशभर चालायचं. शिशाच्या छर्‍यांवर बंदी येण्यापूर्वी तिथल्या पाणथळ जागांत दरवर्षी सुमारे २,७०० टन शिसं पडत होतं. चार नंबरच्या मापाचा एक छर्रा साधारण ०.२ ग्रॅमचा. म्हणजे वर्षाला तेराशे कोटींहून जास्त छर्रे, आणि तेही नेमके बदकं जिथे चरतात तिथे. छर्रा लवकर गंजत नाही, सहज वाहून जात नाही. गाळात बसून राहतं.

बदकांना दात नसतात. त्यांचं दळण पेषणीत होतं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो पेठा, तोच हा अवयव. दाणे भरडायला त्यात खडे लागतात, म्हणून बदक तळातून बारीक खडे वेचून गिळतं. छर्रा त्याला खड्यासारखा वाटतो किंवा बीसारखा. बेलरोज यांनी शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांच्या ३६ हजारांवर पेषण्या तपासल्या. शेकडा सहा-सातांत छर्रे निघाले.

सहा-सात टक्के म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण ही संख्या एका क्षणाची आहे. पेषणीत गेलेला छर्रा साधारण तीन आठवड्यांत झिजून विरघळतो किंवा पुढे सरकून बाहेर पडतो. तोवर बदक जगलं, तर त्याची पेषणी पुन्हा कोरी. म्हणजे आज सापडलेले सहा टक्के हे गेल्या तीन आठवड्यांतले. चार महिन्यांच्या हंगामात असे सहा हप्ते होतात. एका क्षणाचा आकडा किती फसवा असतो, हे बेलरोज यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी पुढचा प्रयोग केला.

त्यांनी जिवंत मॅलार्ड बदकं पकडली. काहींना एक, काहींना दोन, काहींना चार छर्रे गिळायला घातले, काहींना काहीच नाही. सगळ्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून सोडून दिलं. पुढचं काम शिकाऱ्यांवर सोपवलं. बदक पडलं की शिकारी कड्यावरचा क्रमांक कळवतो. पहिल्या हंगामात किती कडी परत आली, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात किती, यावरून कुठला गट किती जगला ते काढता येतं. एक छर्रा खाल्लेल्यांत मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांनी वाढलं, दोन खाल्लेल्यांत २३, चार खाल्लेल्यांत ३६ टक्क्यांनी. शिवाय विषबाधा झालेलं बदक शिकाऱ्याच्या हाती दीडपट ते दुप्पट सहज लागत होतं. बदकांना मारणाऱ्यांनीच बदकं कशी मरतात याची सर्वांत भरवशाची माहिती गोळा करून दिली, हा या शास्त्रातला विनोद आहे.

सगळं गणित जुळवून बेलरोज यांचा अंदाज आला तो असा : उत्तर अमेरिकेतली दोन-तीन टक्के पाणबदकं दरवर्षी शिशाने मरतात. पुढे याच आधारावर सरकारी आकडा ठरला, वर्षाला १६ ते २४ लाख.

आता कोणीही विचारेल, आणि तेव्हा शिकाऱ्यांनी विचारलंच, की मग ही लाखो मढी आहेत कुठे? टेक्सासमध्ये संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. शंभर मेलेली बदकं दलदलीत ठेवली आणि आठ जणांना शोधायला पाठवलं. त्यांना सापडली सहा. आजारी बदक आधी लव्हाळ्यात, गवतात दडतं, मग मरतं, आणि रात्रीतून कोल्हा, रॅकून, घार यांच्या पोटी जातं. साथ आली की हजारो बदकं एकदम तरंगतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. रोज थोडी-थोडी मरणारी लाखो बदकं कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. शिशाने बदकं मरतात हे जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच लिहिलं होतं. अमेरिकाभर बंदी आली १९९१ मध्ये. मधली ९७ वर्षं बऱ्याच अंशी या न दिसलेल्या मढ्यांनी खाल्ली, असं माझं मत आहे.

छर्रा मारतो कसा, तेही आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. बदकाच्या रक्तात दर दहा लाख भागांत ०.२ भाग शिसं झालं, की शास्त्रज्ञ त्याला विषबाधेची सुरुवात मानतात. किलोभर वजनाच्या मॅलार्डच्या अंगात अदमासे १०० ग्रॅम रक्त असतं. म्हणजे ही सीमा गाठायला लागतं ०.०२ मिलिग्रॅम शिसं. छर्रा आहे २०० मिलिग्रॅमचा. एका छर्‍यातलं शिसं दहा हजार बदकांच्या रक्तात सारखं वाटलं, तर दहाही हजार या सीमेवर येतील. अर्थात सगळं शिसं रक्तात थांबत नाही. काही हाडांत जातं, बरंच विष्ठेतून पडतं. पण जे थांबतं ते पुरतं.

पेषणीतलं आम्ल छर्‍याला विरघळवत राहतं आणि दळण त्याला झिजवत राहतं. मग शिसं नसांवर येतं आणि अन्न पुढे ढकलणारे स्नायू लुळे पडतात. बदक खात राहतं, पण खाल्लेलं खाली उतरत नाही. पेषणीच्या वर दाणे साचतात, पंख घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरतात, विष्ठा हिरवी होते. दोन-तीन आठवड्यांत वजन निम्म्यावर आल्यावर ते मरतं. गळ्यापर्यंत भरलेलं बदक उपासमारीने मेलेलं असतं.

शिसं तेवढंच, तरी एक बदक मरतं आणि दुसरं वाचतं. हा फरक आहाराने पडतो, हे या संशोधनातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं निरीक्षण. बेलरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारासच पाहिलं, की नुसत्या मक्यावर जगणाऱ्या बदकांत तोच एक छर्रा कितीतरी जास्त घातक ठरतो. पाणवनस्पती, पाणकिडे असं तळ्यातलं मूळचं अन्न खाणारी तगतात. मक्यात कॅल्शियम आणि प्रथिनं कमी असतात, आणि कॅल्शियम कमी पडलं की आतडं शिसं जास्त शोषतं. शिवाय टणक दाणे भरडताना छर्राही लवकर झिजतो. शेतातला सांडलेला मका म्हणजे हिवाळ्यातल्या बदकाला आयतं खाणं, उष्मांकाची चंगळ. नेमकं तेच त्याला उघडं पाडतं.

बंदीचा उपयोग झाला का? झाला. १९९६ ते ९८ या दोन हंगामांत मिसिसिपीच्या उड्डाणमार्गावर पंधरा हजारांवर मॅलार्डच्या पेषण्या तपासल्या गेल्या. जवळजवळ ९ टक्क्यांत छर्रे होते, म्हणजे गिळण्याची सवय बेलरोज यांच्या काळापेक्षा कमी झालेली नव्हती. पण त्यांतल्या दोन-तृतीयांश पेषण्यांत सगळे छर्रे बिनविषारी, मुख्यतः पोलादी. शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले असा अंदाज निघाला. १९९७ मध्ये स्थलांतराला उडालेल्या सुमारे नऊ कोटी बदकांतली १४ लाख त्यामुळे वाचली. युरोपीय संघाने पाणथळींत शिशाचे छर्रे बंद केले २०२३ मध्ये. तिथेही वर्षाला सुमारे दहा लाख पाणपक्षी मरत असल्याचा हिशेब मांडला गेला होता.

पण शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली म्हणून शिसं संपत नाही. आयडाहो राज्यातल्या कोर डालेन नदीच्या खोऱ्यात १८८० च्या दशकापासून चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणी चालल्या. १९६८ पर्यंत तिथला चुरा थेट ओढ्यांत सोडत. त्यातून सुमारे आठ लाख टन शिसं खोऱ्यात उतरलं. अमेरिकेतल्या सगळ्या शिकाऱ्यांना तेवढं शिसं पाण्यात टाकायला बंदीपूर्वीच्या वेगाने तीनशे वर्षं लागली असती.

तिथे मरतात ते टुंड्रा हंस. उत्तरेकडे परतताना वसंतात ते या दलदलीत उतरतात आणि चिखल उकरून कंदमुळं खातात. त्यांच्या आहारात सरासरी ९ टक्के चिखल असतो, काहींच्या २२ टक्क्यांपर्यंत. चिखलात दर दहा लाख भागांत ५३० भाग शिसं असलं की पाणपक्ष्यांना इजा होऊ लागते. इथे अनेक ठिकाणी ते हजारोंत आहे. ३,००० धरा. एक किलो सुक्या खाण्यामागे ९० ग्रॅम चिखल, आणि त्यात २७० मिलिग्रॅम शिसं. एकाही बंदुकीशिवाय छर्‍याहून जास्त. दरवर्षी इथे साधारण दीडशे हंस मरतात.

५३० ची मर्यादा ओलांडलेली पाणथळ जमीन या खोऱ्यात १८ हजार एकरांहून जास्त आहे. २००६ पासून त्याच खोऱ्यातल्या एका शेताची चारेकशे एकर जमीन स्वच्छ करून तिथे पाणी भरलं गेलं. हंस आता तिथेही चरतात. १८ हजाराला ४०० म्हणजे पंचेचाळिसाला एक.