मायक्रोआरएनए : स्तनाच्या कर्करोगात जनुकांचं नियंत्रण कसं बिघडतं?

डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, हे आपण शिकलोच आहोत. मग स्तनाच्या आणि त्वचेच्या पेशीत डीएनए सारखाच असताना दोघींचं काम वेगळं कसं? कारण प्रत्येक पेशीत कोणतं प्रथिन किती बनवायचं, यावर नियंत्रण असतं. त्या नियंत्रणातला एक भाग म्हणजे मायक्रोआरएनए.

शिरूर-दौंडच्या मुलांना हे पाटाच्या पाण्यावरून लगेच समजेल. घोड धरणाचं किंवा खडकवासल्याचं आवर्तन सुटलं, तरी शेतात किती पाणी येणार हे चारीचं दार किती उघडलंय त्यावर ठरतं. जनुकाचा निरोप घेऊन निघालेला संदेशवाहक आरएनए म्हणजे ते पाणी आणि मायक्रोआरएनए म्हणजे दार. ते बहुतेक वेळा पाणी पूर्ण तोडत नाही, कमी करतं. धरण, म्हणजे डीएनए, आहे तसंच राहतं.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया बघू. मायक्रोआरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा तुकडा असतो. केंद्रकात आधी लांब धागा तयार होतो. ड्रोशा हे विकर तो छाटतं आणि पेशीद्रवात डायसर हे विकर त्याला नेमक्या मापात कापतं. मग तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. त्याची सुरुवातीची सहा-सात अक्षरं संदेशवाहक आरएनएच्या अक्षरांशी जुळली (ए समोर यू, जी समोर सी), की प्रथिननिर्मिती मंदावते आणि तो संदेशही लवकर नष्ट होतो. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

स्तनाच्या कर्करोगात ही दारं बिघडतात, तीही दोन्ही बाजूंनी. मिर-२१ प्रमाणाबाहेर वाढतो आणि पीटेन हे प्रथिन दाबतो. पीटेन म्हणजे पेशीच्या वाढीचा ब्रेक. तो ढिला पडला की पेशी वाढत सुटते. उलट मिर-२०० कुटुंब झेब१ या प्रथिनाला आवरून धरतं. झेब१ मोकाट सुटलं तर पेशींना एकमेकींशी चिकटवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, आणि सुटी झालेली पेशी दुसऱ्या अवयवाकडे निघू शकते.

मिर-२१ रोखणारं औषध करता येईल का, रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून आजार लवकर ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे. पण घरातल्या आई-मावशीने त्याची वाट बघायची नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक महिलांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी करायच्या. २०२१ मध्ये निकाल आला : पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून गाठ दुखत नसली, तरी ‘बघू पुढं’ म्हणून अंगावर काढू नये. लाज न बाळगता आशाताईंना विचारावं, सरकारी दवाखाना गाठावा.

सरावासाठी प्रश्न : एखाद्या पेशीत पीटेनचं जनुक अगदी निर्दोष आहे, तरी पीटेन प्रथिन कमी बनतंय. हे कसं शक्य आहे? चार वाक्यांत लिहा.