मशिदीच्या उंबरठ्यावर ज्यू पाहुणा

रमजानमध्ये अनेक ठिकाणी इफ्तारच्या निमित्ताने मशिदीचे दार शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी उघडते. हिंदू येतात, ख्रिस्ती येतात, हातात खजूर घेऊन मगरीबच्या अजानची वाट पाहतात. पण पाहुणा धर्म काटेकोर पाळणारा ज्यू असेल तर? त्याला आत येता येते का?

ज्यू धर्मशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. मूर्तीची उपासना होते तेथे ज्यूने जाऊ नये, हा त्यातला जुना नियम. बहुतेक सनातनी रब्बी चर्चलाही तो लावतात. मशिदीचे मात्र वेगळे आहे.

बाराव्या शतकातले थोर ज्यू शास्त्रकार मुसा बिन मैमून, म्हणजेच मैमोनिडीस, स्पेनमधल्या कुर्तुब्याचे. अल्मोहाद राजवटीच्या छळामुळे त्यांच्या कुटुंबाला घरदार सोडावे लागले. फेजमार्गे ते अखेर इजिप्तमध्ये स्थिरावले. ओबादिया नावाच्या, ज्यू धर्म स्वीकारलेल्या माणसाने त्यांना पत्रातून गाऱ्हाणे कळवले. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असे म्हटल्यावर गुरूने त्याला मूर्ख ठरवले होते. मैमोनिडीस यांनी शिष्याची बाजू घेतली. मुसलमानांचा एकेश्वरवाद निखळ आहे; ते आपल्याविषयी खोटे बोलले म्हणून आपणही त्यांच्याविषयी खोटे बोलायचे नसते, असे त्यांनी कळवले. मुस्लीम राजवटीचा जाच सोसलेल्या माणसाने दिलेला हा निवाडा आहे.

इस्राएलचे माजी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनीही ज्यूंना मशिदीत जायला मुभा दिली. काही रब्बी मात्र आजही मनाईच सांगतात. म्हणून एखादा ज्यू पाहुणा दारातच थांबला, तर तो अपमान समजू नये.

मनात आदर असला की अडचणीतूनही वाट निघते. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. राजाचे निमंत्रण असेल तर तेथे जाण्याचा ब्रिटनच्या मुख्य रब्बींचा रिवाज आहे. पण तो शनिवार होता, म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी वाहनात बसणे वर्ज्य. मग राजाने मुख्य रब्बी एफ्राइम मिर्विस यांची आदल्या रात्री जवळच सोय केली आणि ते सकाळी चालत गेले.

आपल्या मुंबईत तर नावांनीच उंबरठा ओलांडला आहे. बेने इस्राएल समाजाने १७९६ साली मांडवी भागात बांधलेल्या प्रार्थनालयाला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.