जुन्या एमजीबीला अल्टरनेटर

१९६२ साली इंग्लंडात आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारला सुरुवातीची काही वर्षं डायनॅमो होता. तो जेमतेम २२ अँपिअर देई; इंजिन मंद फिरत असताना तर जवळजवळ काहीच नाही. रात्री सिग्नलला थांबलं, की हेडलाइट पिवळे पडत. म्हणून अनेक मालक नंतरच्या मॉडेलचा, ४५ अँपिअरचा लुकास १८एसीआर अल्टरनेटर बसवतात.

नुसते बोल्ट जुळले म्हणजे काम झालं, असं नाही. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आधी ते बदलून ऋण टोक बॉडीला द्यावं लागतं, नाहीतर अल्टरनेटरमधले डायोड तत्काळ जळतात. पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत हवी; जरा तिरकी असली तरी बेल्टच्या कडा झिजतात. बॅटरीकडे जाणारी तार वाढीव प्रवाह पेलेल इतकी जाड घ्या. जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढा, कारण नवा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असतो. डॅशबोर्डवरचा इग्निशनचा दिवा मात्र जोडलेला ठेवा: चार्जिंग सुरू व्हायला लागणारा पहिला प्रवाह त्यातूनच येतो. शेवटी इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास दिसले, की काम चोख.