जॉर्जियाला जाण्याआधी जुन्या गोव्याला

मोरजी-हरमलच्या रस्त्याला हॉटेलांच्या पाट्यांवर रशियन अक्षरं दिसतात, त्याचं आम्हां पेडणेकरांना आता काही वाटत नाही. रशियन पाहुणे इथं हिवाळा काढून जातात आणि हल्ली इथली माणसंही उलट दिशेला निघू लागली आहेत. टूरवाल्यांच्या यादीत दुबई-बँकॉकच्या पंगतीला जॉर्जिया येऊन बसला आहे. बर्फ, द्राक्षमळे आणि डोंगरमाथ्यावरची ऑर्थोडॉक्स चर्चं, मठ हा तिथला ठरलेला कार्यक्रम. म्त्सखेताच्या टेकडीवरचं ज्वारी, खाली गावातलं अकराव्या शतकातलं स्वेतित्सखोवेली, काखेती प्रांतातलं आलावेर्दी. परत आलेली मंडळी मोबाइलवर फोटो सरकवत म्हणतात, किती जुनं जपलंय हो त्यांनी! अशांना मी विचारतो, जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी शेवटचं कधी गेला होता? बहुतेकांचं उत्तर शाळेच्या सहलीपाशी थांबतं.

त्या मनोऱ्याचा आणि जॉर्जियाचा संबंध साधासुधा नाही. जॉर्जियाची एक राणी, तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चची हुतात्मा संत, इथं जवळजवळ चारशे वर्षं पडून होती.

केतेवान ही काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला ओलीस ठेवलं होतं. वर्षानुवर्षं शिराझमध्ये अडकलेल्या राणीपुढं शेवटी धर्म बदलण्याची अट आली. ती बधली नाही. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशांनी हाल करून तिला मारलं. शिराझला तेव्हा ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री होते. त्यांनी तिचा देह गुपचूप उकरून काढला आणि १६२७ मध्ये अवशेषांचा काही भाग गोव्याला आणला. काही भाग त्यांनी जॉर्जियात तिचा मुलगा तैमुराझ याच्याकडे पोचवला. हा तैमुराझ राजाही होता आणि कवीही. आईच्या बलिदानावर त्यानं काव्य रचलं. गंमत अशी, की हे पाद्री रोमचे कॅथलिक आणि राणी ऑर्थोडॉक्स. दोन्ही चर्चांचं जवळजवळ सहाशे वर्षं पटत नव्हतं. जॉर्जियात पाय रोवायला हे अवशेष उपयोगी पडतील असाही पाद्र्यांचा हिशेब होताच. पण हाडं जपली ती त्यांनीच, हेही खरं.

गोव्यातला त्यांचा मठ म्हणजे 'नोस्सा सेन्योरा द ग्रासा'. चर्चचं बांधकाम १५९७ ते १६०२ या काळातलं. जांभ्या चिऱ्याचा ४६ मीटर उंच मनोरा, त्याला तेवढाच दुसरा जोडीदार. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक पंथ बंद केले, मठ ओस पडला. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा गेला. मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहात होती, १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. रोज तिच्याखालून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

राणीचे अवशेष मठाच्या चॅप्टर चॅपलमध्ये, एका खिडकीतल्या दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. पण भिंतीच पडल्यावर खिडकी कुठली शोधायची? जॉर्जियन अभ्यासक १९८० च्या दशकाच्या शेवटापासून गोव्याच्या वाऱ्या करत होते. भारतीय पुरातत्त्व खात्यानं ढिगारे उपसले, जमिनीतल्या कोरीव थडग्यांवरून चॅपलची जागा नक्की केली आणि २००४ मध्ये हाताचं एक हाड हाती आलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं त्याची डीएनए तपासणी केली. त्यात जो मातृवंश निघाला तो भारतात आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. तरी शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यात 'बहुधा' हा शब्द ठेवला. शास्त्रानं तिथंच थांबावं; पुढचं श्रद्धेचं काम. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. ज्यांची देवी, त्यांच्याकडे ती जायला हवी. ते हाड आपल्याकडे नुसती एक नोंद होती, तिकडे त्याच्यापुढं रांगा लागतात.

राणीच्या काखेतीतल्या आलावेर्दीत गेलात तर तिची ही गोष्ट लक्षात ठेवून आत शिरा. पन्नास मीटरहून उंच असं ते अकराव्या शतकातलं मंदिर काखेतीच्या सपाटीवर एकटं उभं आहे. मठातले साधू अजून जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. आत बाकं नाहीत, भाविक उभे राहतात. मूर्ती नाहीत, चित्रं आहेत. ऑर्गन नाही, नुसते गळे. बायकांनी डोकं झाकायचं. वेदीपुढं चित्रांची भिंत असते आणि तिच्या दारातून फक्त पुरोहित आत जातो. आमच्या देवळातल्या गर्भकुडीचीच शिस्त. पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. धर्मांतराचा जोर तोवर ओसरला होता, म्हणून आमची भगवती, माउली, सातेरी जागच्या जागी राहिल्या. सोवळं, उंबरठा, पुजाऱ्याचा मान यांत वाढलेल्या माणसाला ऑर्थोडॉक्स चर्च परकं वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि ऑर्थोडॉक्स म्हणजे केवळ परदेश, असंही नाही. वेर्णे गावात १८३६ मध्ये जन्मलेले कॅथलिक पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांचं चर्चच्या वरिष्ठांशी बिनसलं. ते केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि १८८९ मध्ये कोट्टयमला 'आल्वारिस मार ज्युलियस' या नावानं बिशप झाले. वृत्तपत्रं चालवली, पोर्तुगीज सरकारचा रोष ओढवून घेतला, पणजीत गोरगरीब आजाऱ्यांची सेवा केली आणि १९२३ मध्ये वारले. त्यांची समाधी रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स सिरियन चर्चमध्ये आहे. हे केरळी ऑर्थोडॉक्स आणि जॉर्जियन-रशियन ऑर्थोडॉक्स एक नव्हेत. इसवी सन ४५१ च्या काल्सेडनच्या धर्मसभेनंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण गोव्यात बसून रोमला 'नाही' म्हणायला छाती लागते, आणि ती या वेर्णेकाराला होती.

तेव्हा जॉर्जियाचं तिकीट काढलं असेल तर त्याआधी एक सकाळ मोकळी ठेवा. म्हापसा, पणजी, मग सतराव्या शतकातल्या लांबलचक बांधावरून रायबंदर. आल्वारिसांच्या समाधीला नमस्कार करून पुढं जुनं गोवे. बॉम जेझू चर्चची गर्दी टाळून मनोऱ्याच्या टेकडीवर चढा. पावसाळ्यात चिरे निसरडे असतात, चपला जपून. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही बघायचं असेल, तर शुक्रवार सोडून जा. त्या दिवशी ते बंद असतं.